महाविद्यालयीन नाट्यमंडळाचा उन्हाळी हंगाम : चार नाटके कशी निवडावीत?

रंगीततालीम

नमस्कार. पुण्यातील एका महाविद्यालयाच्या नाट्यमंडळात आम्ही आजी-माजी विद्यार्थी मिळून पंधरा-सोळा जण आहोत. आमचे सगळे वर्ष पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेभोवती फिरते. जूनमध्ये संहिता शोधायची, पावसाळाभर तालमी करायच्या, भरत नाट्य मंदिरात तासाभराच्या आत प्रयोग आटोपायचा आणि निकालानंतर काही दिवस परीक्षकांना नावे ठेवायची. एवढ्या कष्टाने बसवलेली एकांकिका त्यानंतर फार तर आणखी दोन-तीन स्पर्धांना जाते आणि तिचे नेपथ्य महाविद्यालयाच्या जिन्याखाली धूळ खात पडते. या चक्रातून बाहेर पडून येत्या उन्हाळ्यात एखाद्या छोट्या रंगमंचावर, रीतसर तिकीट लावून, चार नाटकांचा हंगाम करावा असा विचार आहे. अमेरिकेत प्रिन्स्टनसारख्या विद्यापीठांत विद्यार्थीच उन्हाळ्यात असा हंगाम चालवतात आणि रात्री एका नाटकाचा प्रयोग करून दिवसा पुढच्या नाटकाची तालीम करतात, एवढे वाचनात आले आहे. परंतु ते प्रत्यक्षात कसे निभते, हे उमगत नाही.

आमच्या मनातील यादी अशी आहे : विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’, चेकॉव्हच्या एका मोठ्या नाटकाचे मराठी भाषांतर आणि आमच्याच एका मित्राने लिहिलेले नवे दोन अंकी नाटक. प्रत्येक नाटकाचे शुक्रवार ते रविवार असे तीन प्रयोग, म्हणजे चार आठवड्यांत बारा प्रयोग व्हावेत असे ठरवतो आहोत. परीक्षा मेच्या मध्यापर्यंत लांबू शकतात, त्यामुळे हंगाम जूनमध्ये शिरेल. अशा हंगामी संस्था नाटकांची निवड करताना नेमका कोणता विचार करतात आणि एवढ्या माणसांत हे झेपेल का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

केपवासी

मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो आणि उन्हाळ्यात तिथल्याच केप कॉड या समुद्रकाठच्या भागातील फॅल्मथ या गावी नाटके पाहायला जातो, त्यामुळे हा विषय माझ्या आवडीचा आहे. प्रिन्स्टनचे नाव तुम्ही घेतलेच आहे. तिथे ‘थिएटर इन्टाइम’ ही विद्यार्थ्यांची संस्था 1920 पासून आहे, आणि तिच्याच हॅमिल्टन मरे थिएटर या लहानशा नाट्यगृहात 1968 पासून उन्हाळ्याचा वेगळा हंगाम होऊ लागला, जो आता ‘प्रिन्स्टन समर थिएटर’ म्हणून ओळखला जातो. साधारणपणे चार नाटके आणि मुलांसाठी एक, असा त्यांचा शिरस्ता आहे. त्या चारांत बहुधा एखादे थोड्या पात्रांचे संगीतक, एखादे रहस्यनाट्य किंवा विनोदी नाटक आणि एखादे गंभीर नाटक असते. ही विविधता प्रेक्षकांसाठी ठेवलेली दिसते, आणि ती आहेही. पण तेवढीच ती नटांच्या आणि सुतारांच्या सोयीसाठी असते, हे थोडे जवळून पाहिले की ध्यानात येते.

तुमच्या प्रश्नाला मला फॅल्मथचे उदाहरण अधिक जवळचे वाटते. 1928 च्या उन्हाळ्यात प्रिन्स्टनचे ब्रेटेन विंडस्ट आणि हार्वर्डचे चार्ल्स लेदरबी यांनी निरनिराळ्या विद्यापीठांतील मुलामुलींना एकत्र करून ‘युनिव्हर्सिटी प्लेयर्स’ ही मंडळी उभी केली. पहिल्या वर्षी त्यांना स्वतःचे नाट्यगृह नव्हते, म्हणून गावातील चित्रपटगृहात आठवड्यातील मोजक्या रात्री मागून घेऊन त्यांनी प्रयोग केले. दुसऱ्या वर्षी ओल्ड सिल्व्हर बीच या समुद्रकिनाऱ्यावर त्यांनी आपले नाट्यगृह बांधले आणि त्याला लागून चहाचे दालन काढले, कारण केवळ तिकिटांवर मंडळी जगणार नाही हे पहिल्याच उन्हाळ्यात कळून चुकले होते. अभिनेते हेन्री फोंडा, अभिनेत्री मार्गारेट सुलाव्हन आणि दिग्दर्शक जोशुआ लोगन ही नावे तिथूनच पुढे आली. पुढे चित्रपटांत गाजलेले जेम्स स्टुअर्ट 1932 मध्ये, प्रिन्स्टनमधून वास्तुशास्त्राची पदवी घेतल्या घेतल्या, तिथे दाखल झाले आणि सुरुवातीला त्या चहाच्या दालनात अकॉर्डियन वाजवत असत, असे सांगतात. दर आठवड्याला नवे नाटक, हा या मंडळींचा क्रम होता. तो 1932 पर्यंत चालला. त्या वर्षी त्यांचे एक नाटक न्यूयॉर्कला गेले आणि महिनाभरात बंद पडले. पण त्या निमित्ताने स्टुअर्ट ब्रॉडवेवर पोहोचले ते पोहोचलेच.

आजही फॅल्मथला ‘कॉलेज लाइट ऑपेरा कंपनी’ आहे. 1969 मध्ये रॉबर्ट आणि उर्सुला हॅसलन या दांपत्याने ती सुरू केली. देशभरातील महाविद्यालयांतून निवडून आणलेले तीसेक गायक-नट आणि सतरा-अठरा वादक उन्हाळाभर एकत्र राहतात आणि एका जुन्या इस्टेटीच्या तबेल्यातून घडवलेल्या हायफील्ड थिएटरमध्ये, नऊ आठवड्यांत नऊ संगीत नाटके, अशी त्यांची वर्षानुवर्षांची रीत आहे. हे जमते ते तीन कारणांनी. पहिले असे की सर्वजण उन्हाळाभर दुसरे काहीही करत नाहीत. दुसरे असे की प्रत्येक नाटकात सगळ्यांनाच मोठे काम नसते. या आठवड्याचा नायक पुढच्या आठवड्यात कोरसमध्ये मागच्या ओळीत उभा असतो आणि त्याबद्दल कोणी रुसत नाही. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कॅलेंडर आधी ठरते आणि नाटके त्यात बसवली जातात. आपल्याकडे नाटक आधी मनात भरते आणि मग तारखा शोधल्या जातात. तुमची यादी याच दुसऱ्या पद्धतीने तयार झालेली दिसते, कारण ती चारही नाटके ‘आम्हांला करायची आहेत’ या एकाच निकषावर उतरलेली आहेत.

थोडा हिशेब मांडून पाहा. करंडकासाठी रोज तीन तास, आठवड्याचे सहा दिवस आणि दोन महिने तालीम धरली, तर तासाभराच्या एकांकिकेला सुमारे दीडशे तास मिळतात. हंगाम एकदा सुरू झाला की दिवसाचे सहा तास आणि आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे छत्तीस तासांत दोन-अडीच तासांचे नाटक उभे करायचे असते, आणि त्यातही प्रयोगाच्या दिवशी नटांचा आवाज राखून ठेवावा लागतो. तेव्हा तालमीत शोध घेत घेत नाटक घडवण्याची जी सवय स्पर्धेने तुम्हांला लावली आहे, तिला इथे वाव नाही. पाठांतर परीक्षेच्या आधीच पक्के झालेले असले पाहिजे आणि पहिल्या दिवशी दिग्दर्शकाच्या वहीत हालचाली ठरलेल्या असल्या पाहिजेत. हे ज्यांना रुक्ष वाटेल त्यांनी हंगामात न आलेले बरे.

विंगेतला

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मी बरीच वर्षे पुण्यात प्रायोगिक नाटकांचे पडद्यामागचे काम पाहतो, त्यामुळे यादीकडे त्याच नजरेने पाहतो.

‘शांतता! कोर्ट चालू आहे’ पहिल्या आठवड्यात ठेवा. हंगाम सुरू होण्याआधी तालमीला जो सलग वेळ मिळतो, तो केवळ पहिल्या नाटकालाच मिळतो. पुढच्या कोणत्याही नाटकाच्या वाट्याला तो येत नाही. त्यामुळे जिथे बहुतेक सगळी पात्रे जवळजवळ पूर्ण वेळ रंगमंचावर असतात आणि एकाचे लक्ष सुटले तरी प्रसंग ढासळतो, असे नाटक पहिलेच असावे. शिवाय ते घडते गावातल्या एका रिकाम्या सभागृहात. खुर्च्या, बाकडी, एक दार आणि आत जाणारी एक वाट एवढ्यावर काम भागते.

‘वाडा चिरेबंदी’ मात्र या हंगामातून काढून टाकावे, असे स्पष्ट सांगतो. नाटक थोर आहे यात वाद नाही, पण त्यातील वाडा हे एक पात्रच आहे, आणि रविवारी रात्री दुसऱ्या नाटकाचे नेपथ्य उतरवून शुक्रवारपर्यंत तो वाडा उभा करणे तुमच्या माणसांत होणार नाही. अर्धामुर्धा वाडा उभा करून ते नाटक करण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

चेकॉव्हचे मोठे नाटकही पात्रसंख्येमुळे अवघड आहे. त्याऐवजी त्याचीच दोन छोटी प्रहसने एका संध्याकाळी करा. अस्वलाचे आणि मागणी घालण्याचे, अशी जी दोन प्रहसने सर्वांना ठाऊक आहेत, त्यांत प्रत्येकी तीनच पात्रे आहेत. एकांकिका तुमच्या हाताखालची आहेच. यात खरी मेख अशी की दुसऱ्या आठवड्यात सहाच नट गुंतलेले राहिले, तर उरलेले नऊ-दहा जण त्याच काळात तिसऱ्या नाटकाच्या तालमी दिवसभर करू शकतात. मोठा संच, छोटा संच, मोठा संच, छोटा संच अशी आलटून पालटून मांडणी केली नाही, तर तिसऱ्या आठवड्यात सगळेच एकदम आजारी पडतात, हे मी वेगवेगळ्या महोत्सवांत पाहिलेले आहे.

आता नेपथ्य आणि प्रकाशाचे. चारही नाटकांसाठी फ्लॅट (भिंतींसाठीच्या उभ्या चौकटी) आणि लेव्हल (उंचीसाठीचे चौथरे) एकच ठेवा. आठ-दहा फ्लॅट आणि चार लेव्हल पुरतात. त्यांची फक्त मांडणी आणि रंग बदलायचा. रंगही करड्या किंवा तपकिरी छटांत ठेवला, तर दर आठवड्याला नवे रंगकाम करावे लागत नाही. दिव्यांचेही तसेच. संपूर्ण हंगामासाठी एकदाच सामाईक दिवे टांगायचे, ज्यांत रंगमंचाचे सहा किंवा नऊ भाग स्वतंत्रपणे उजळता येतील, आणि प्रत्येक नाटकासाठी फक्त तीन-चार खास स्पॉट हलवायचे. शिडीवर चढून दिवे फिरवण्यात रात्र गेली, की दुसऱ्या दिवशीची तांत्रिक तालीम गेलीच म्हणून समजा. रविवारच्या प्रयोगानंतर शेवटचा प्रेक्षक बाहेर पडला, की वीस मिनिटांत रंगमंच उघडा झाला पाहिजे. त्यासाठी कोण कोणता फ्लॅट सोडवणार, खिळे कोणत्या डब्यात जाणार आणि सामान कोणत्या विंगेत रचायचे, याचा कागद विंगेत चिकटवलेला असावा. ज्याने नुकतीच प्रमुख भूमिका केली तोही मेकअप पुसण्याआधी त्यात सामील झाला पाहिजे. एकदा का तो अभिनंदनाच्या गर्दीत अडकला, की परत येत नाही.

परवानग्यांचे काम आजच सुरू करा. तिकीट लावून प्रयोग करायचा तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. जुन्या नाटकांचे आधीच झालेले असते, त्याची प्रत मिळवा. मित्राच्या नव्या नाटकासाठी मात्र संहिता सादर करून वाट पाहावी लागेल, आणि सादर केलेल्या संहितेत नंतर मोठे बदल करून चालत नाही. तालमीत रोज नवी वाक्ये लिहिणारा लेखक असेल, तर ही अडचण आताच त्याच्या कानावर घाला.

लेखकाच्या हक्कांबाबत इथे पुष्कळ गैरसमज आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे हक्क त्याच्या वारसांकडे असतात. तेंडुलकर 2008 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या नाटकासाठी लेखी परवानगी आणि प्रत्येक प्रयोगाचे मानधन हे आलेच. चेकॉव्ह 1904 मध्ये गेला, त्यामुळे मूळ नाटके सर्वांसाठी मोकळी आहेत. पण मराठी भाषांतराचा हक्क भाषांतरकाराचा स्वतंत्र असतो, आणि हीच गोष्ट महाविद्यालयीन मंडळे हटकून विसरतात. स्वतःच नवे भाषांतर केलेत तर प्रश्न मिटतो. देवल, गडकरी आणि खाडिलकर मोकळे आहेत. मामा वरेरकर 1964 मध्ये गेले, त्यामुळे 2025 पासून तेही मोकळे झाले. खर्चाच्या दृष्टीने चारांपैकी दोन नाटके तरी हक्कमुक्त असावीत. फॅल्मथच्या मंडळींना गिल्बर्ट आणि सलिव्हन या एकोणिसाव्या शतकातील इंग्रज जोडीची संगीतके अशीच उपयोगी पडत असणार.

‘वाडा’च्या जागी देवलांच्या ‘संशयकल्लोळ’चा विचार करावा. पात्रे भरपूर आहेत, घोळ भरपूर आहे आणि ते 1916 पासून लोकांना हसवत आले आहे. पदांचे काय करायचे, ते तुमचे तुम्ही ठरवा. ती कापलीत तर जुने प्रेक्षक नाराज होतील, आणि न कापता बेसूर गायलीत तर त्याहून जास्त नाराज होतील.

जुनाप्रेक्षक

दोन्ही प्रतिसाद वाचले. माहिती मोलाची आहे, परंतु फॅल्मथ आणि पुणे यांतील एक मूलभूत फरक कोणीच मांडलेला नाही. केप कॉडला उन्हाळ्यात लोक येतात. सुट्टीवर आलेल्या माणसाला रात्री काय करावे हा प्रश्न असतो, आणि आठवडाभर मुक्काम असलेला प्रेक्षक पुढच्या आठवड्यात बदलतो किंवा नव्या नाटकाला पुन्हा येतो. पुण्याच्या पेठांतून मे महिन्यात लोक बाहेर जातात. कोणी कोकणात, कोणी आजोळी, कोणी लग्नांना. नाटकाचा हंगाम प्रेक्षकाच्या सवडीवर ठरतो, हे झाडीपट्टीच्या मंडळींइतके स्पष्टपणे कोणाला कळलेले नाही. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा आणि आसपासच्या भागात धानाची कापणी उरकली, हातात थोडा पैसा आला, की दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र-रात्र नाटके चालतात. शेतीची कामे लागली की नाटके थांबतात. तेव्हा तुमचा हंगाम जूनमध्ये सरकतो आहे, ही अडचण मानू नका. शाळा सुरू होतात, लोक परत आलेले असतात आणि संध्याकाळी पाऊस नसला तर बाहेर पडायला तयार असतात. मी तर म्हणेन, मेचा नाद सोडून जूनच्या पहिल्या आठवड्यात पडदा उघडा.

दुसरे असे की दररोज किंवा दर आठवड्याला वेगळे नाटक करणारी मंडळी आपल्याकडे नव्हती असे नाही. किर्लोस्कर नाटक मंडळी 1880 मध्ये उभी राहिली, ललितकलादर्श 1908 मध्ये आणि गंधर्व नाटक मंडळी 1913 मध्ये. या कंपन्या एका गावी मुक्काम ठोकत आणि त्या मुक्कामात संग्रहातील निरनिराळी नाटके लावत. नटमंडळी एकाच बिऱ्हाडात राहत, एकाच पंगतीत जेवत. त्यांच्याकडे नाटके बसलेली असत, हा मात्र मोठा फरक आहे. नवे नाटक बसवायला त्या भरपूर वेळ घेत आणि मग ते वर्षानुवर्षे चालवत. मला वाटते, तुम्हांला अमेरिकेच्या छत्तीस तासांपेक्षा हा मार्ग अधिक पेलेल. चारांऐवजी तीनच नाटके करा. त्यातले एक मागील करंडकाची तुमचीच एकांकिका आणि तिच्या जोडीला दुसरी एकांकिका असे असू द्या. ती तुमची बसलेली आहे, तालमीचे तास वाचतील आणि जिन्याखालचे नेपथ्यही बाहेर येईल. चौथ्या आठवड्यात तिन्ही नाटके शुक्रवार, शनिवार, रविवार अशी पुन्हा लावा. ज्यांनी दुसरे नाटक पाहून मित्रांना सांगितले असेल, त्यांच्या मित्रांना ते पाहायची सोय असली पाहिजे की नको? तीन प्रयोगांत संपलेल्या नाटकाची वाहवा ऐकून मी अनेकदा हळहळलो आहे.

नव्या लेखकाचे नाटक मात्र वगळू नका. विंगेतला यांची अडचण रास्त आहे, पण नव्या नाटकासाठी नसेल तर विद्यार्थ्यांनी हंगाम काढायचाच कशाला? तिकीट कमी खपेल, हे गृहीत धरून ते करा.

रंगीततालीम

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मंडळात चर्चा केली. ‘वाडा’ सोडायला दोघांनी जोरदार विरोध केला, परंतु नेपथ्याचा हिशेब कागदावर मांडल्यावर तेही गप्प झाले. आता विचार असा आहे की जूनच्या पहिल्या शुक्रवारी तेंडुलकरांचे नाटक, दुसऱ्या आठवड्यात मागील वर्षीची आमची एकांकिका आणि आम्हीच भाषांतरित केलेले चेकॉव्हचे एक प्रहसन, तिसऱ्या आठवड्यात मित्राचे नवे नाटक, आणि चौथ्या आठवड्यात तिन्हींचे फेरप्रयोग. मित्राने एप्रिलअखेर संहिता गोठवण्याचे कबूल केले आहे. ‘संशयकल्लोळ’ पुढच्या वर्षासाठी राखून ठेवले आहे, कारण गाणारी दोनच माणसे आहेत आणि त्यांची एकमेकांशी पट्टी जुळत नाही.

एक प्रश्न उरला आहे. पहिल्या वर्षाची सात-आठ मुले पडद्यामागे काम करायला उत्सुक आहेत. त्यांना मानधन द्यावे की शिकायला मिळते आहे म्हणून तसेच घ्यावे, यावर एकमत होत नाही.

केपवासी

याबाबत मॅसॅच्युसेट्समधीलच विल्यम्सटाउनचे उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. विल्यम्स कॉलेजच्या आवारातील या नाट्यमहोत्सवाचा पहिला हंगाम 1955 मध्ये झाला आणि 2002 मध्ये त्याला टोनी हा अमेरिकन रंगभूमीचा मानाचा पुरस्कारही मिळाला. पण तिथली उन्हाळ्याची गाडी अनेक दशके, पैसे भरून येणाऱ्या शिकाऊ मुलांच्या आणि बिनपगारी उमेदवारांच्या जोरावर चालत होती. 2021 मध्ये त्या मुलांच्या कामाचे तास आणि सुरक्षितता यांविषयीच्या तक्रारी वृत्तपत्रातून उघड झाल्या, आणि त्यानंतर संस्थेला ती पद्धत बंद करून पगारी कामगार नेमावे लागले. हंगामातील नाटकांची संख्याही त्यामुळे खाली आली. तुमची संस्था लहान आहे, सर्वांनाच पैसे मिळणार नाहीत, हे उघड आहे. निदान नट आणि पडदा ओढणारा यांत भेद करू नका. खर्च वजा जाता जे उरेल ते समान वाटायचे, असे तालमी सुरू होण्याआधीच सर्वांसमोर लिहून ठेवा.

विंगेतला

सहमत. त्यात एवढीच भर घालतो की रात्री अकरानंतर नेपथ्य उतरवण्याचे काम असेल, तर त्या मुलांना घरी पोहोचवण्याची रिक्षा आणि रात्रीचे जेवण हे खर्चाच्या पहिल्या ओळीत धरा, उरल्या पैशांत नव्हे. आणि हंगामाच्या चारही आठवड्यांत कोणत्याही नाटकात काम न करणारा एक व्यवस्थापक हवाच. किल्ल्या, तिकिटांचा गल्ला, परवानग्यांची फाइल आणि नटांच्या तालमीचे वेळापत्रक त्याच्याकडे राहू द्या. हे काम दिग्दर्शकाला किंवा प्रमुख नटाला दिलेत, तर दुसऱ्या आठवड्यात त्यांतले एकही धड होणार नाही. नाट्यगृहाच्या तारखा अजून घेतल्या नसतील तर उद्याच जाऊन घ्या. जूनचे शनिवार-रविवार लवकर भरतात, आणि सोमवार ते गुरुवार तालमीसाठी रंगमंच सवलतीत देतात का, तेही त्याच भेटीत विचारून घ्या.